यकृत नावाचा खोत

राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या नाटे गावाला यशवंतगडासारखा जुना किल्ला, साखरी नाट्याच्या बाजूस होड्यांनी गजबजलेला किनारा, वर सड्यावर विस्तीर्ण कातळ आणि त्या कातळातही जिद्दीने रुजवलेली हापूसची कलमे, असे नानाविध वैभव लाभलेले आहे. तरीही या गावाची खरी जंगम मिळकत ज्यास पाहावयाची असेल, त्या पाहुण्याने किल्ल्याची वाट न धरता कोणत्याही घराच्या माजघरात शिरावे, फडताळातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली काढावा, आणि त्यातील औषधी गोळ्यांच्या पाकिटांची शांतपणे मोजदाद करावी. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, थायरॉइडच्या, गुडघ्यांच्या, आणि 'ही कशाची ते आठवत नाही, पण चांगली आहे' या स्वतंत्र वर्गात मोडणाऱ्या गोळ्या तेथे गुण्यागोविंदाने नांदत असतात. गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी पूर्वी घरच्यांसाठी कापडचोपड आणी. हल्ली तो तीन महिन्यांच्या गोळ्या आणतो, आणि पहिल्या आरतीच्या आधी त्यांचे वाटप होते.

या गोळ्यांसमवेत डॉक्टरांची जी चिठ्ठी येते, ती इतरत्र फर्मान समजली जात असेल. नाटे येथे तो तहनाम्याचा पहिला मसुदा असतो. त्यात 'दिवसातून तीनदा' असे कलम असल्यास सकाळी न्याहारीनंतर तिन्ही गोळ्या एकदम घेऊन दिवसभराची कटकट निकालात काढणारे कर्तबगार गृहस्थ आमच्या वाडीत आहेत. गोळीची 'पॉवर' जास्त आहे असा स्वतःच निवाडा करून ती अडकित्त्याने दुभंगणारे आहेत. चतुर्थीच्या उपासाला गोळी चालते की नाही याविषयी भटजींचा अभिप्राय मागवणाऱ्या आणि तो येईपर्यंत गोळी तहकूब ठेवणाऱ्या सुवासिनी आहेत. आणि आपल्याला गुण आला म्हणून उरलेले अर्धे पाकीट शेजाऱ्याला प्रेमपूर्वक देऊन टाकणारे परोपकारी पुरुष तर घरटी एक आहेत. ताप उतरताच जंतुनाशक गोळ्यांचा क्रम बंद करणाऱ्यांविषयी मी येथे लिहीत नाही, कारण त्यांच्यावर डॉक्टरमंडळींनी पुष्कळ शाई खर्च केलेली आहे आणि तिचाही उपयोग झालेला नाही.

तथापि या सर्वांहून निराळा आणि विचारात पाडणारा पवित्रा आमच्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांचा आहे. सारी वाडी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. आजोबा गोळी चुकवीत नाहीत. ते गोळीकडे संशयाने पाहत पाहत ती घेतात. एके दिवशी ओटीवर बसल्या बसल्या त्यांनी आपली कैफियत माझ्यापुढे मांडली. ती मुद्देसूद होती. "दहा वर्षं झाली, रोज एक गोळी घेतोय. म्हणजे साडेतीन हजारांवर गोळ्या या पोटात गेल्या. आता मला सांग, त्या गेल्या कुठं? निघून गेल्या म्हणावं, तर मग त्या घेऊन मिळवलं काय? आणि आत साठून राहिल्या म्हणावं, तर मी अजून जिवंत कसा?" मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले, परंतु इतका नेटका उभयापत्तीचा प्रश्न मला कोणा परीक्षकाने कधी घातल्याचे स्मरत नाही. वस्तुतः दोन्ही शिंगे खोटी आहेत: गोळी पुरती जातही नाही आणि बेसुमार साठतही नाही. पण हे नुसते सांगून आजोबांचे समाधान होणार नव्हते. ज्यांच्या घराच्या माळ्यावर खोतीच्या काळची दफ्तरे अजून कसरींना खाद्य पुरवीत आहेत, त्यांना हिशेब हवा होता. आणि योगायोग असा की तो हिशेब त्या दफ्तरांच्याच भाषेत उत्तम सांगता येतो.

रत्नागिरी जिल्ह्यात खोती जोरात होती त्या काळी वसुलाच्या दोन तऱ्हा असत. धारेकरी असे तो ठरलेला धारा भरी. पीक सोळा आणे आले काय आणि चार आणे आले काय, धाऱ्याचा आकडा हलत नसे. अर्धेली कूळ मात्र खळ्यावर जे भात पडे त्याचे निम्मे खोताच्या पदरात घाली, आणि तिर्धेली असे ते तिसरा हिस्सा घाली. म्हणजे पीक वाढले की खोताचा वाटा वाढे, पीक घटले की घटे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने या पद्धतीचा निकाल लागला. परंतु विधिमंडळाच्या अधिकारकक्षेबाहेर, उजव्या बरगड्यांच्या आड, सुमारे दीड किलो वजनाचा एक खोत आपला अंमल अद्याप बिनबोभाट चालवीत आहे. त्याचे नाव यकृत. मूत्रपिंडे ही त्याची भागीदार. रक्तात जो परका ऐवज येईल त्यातला ठरावीक हिस्सा ठरावीक मुदतीत उचलणे हा या पेढीचा दस्तूर. आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत हा हिस्सा धाऱ्याचा नसून अर्धेलीच्या जातीचा असतो, या एका गोष्टीवर आधुनिक औषधोपचाराची सारी इमारत उभी आहे.

आता हिशेब पाहा. एका गोळीची किंमत एक रुपया धरू, आणि एका गोळीपासून दुसरीपर्यंत खोत निम्मा ऐवज नेतो असे मानू. पहिल्या दिवशी जमा एक रुपया. दुसऱ्या दिवशी शिल्लक आठ आणे, त्यात नवा रुपया, मिळून दीड. तिसऱ्या दिवशी दिडाचे निम्मे बारा आणे आणि नवा रुपया, म्हणजे एक रुपया बारा आणे. पुढे एक रुपया चौदा आणे. मग एक रुपया पंधरा आणे. मग एक रुपया पंधरा आणे सहा पै. निमकीचा पाढा ज्यांनी छडीच्या धाकाने पाठ केला त्या आजोबांनी इथवरचा हिशेब माझ्याआधी म्हणून दाखवला आणि मग ते थबकले, कारण दोन रुपये काही पुरे होईनात. ते कधीच होणार नाहीत. वर्षभर रोज रुपया टाकला तरी शिल्लक दोन रुपयांना टेकते, ओलांडत नाही. आणि का ओलांडत नाही हे समजायला बीजगणित लागत नाही. शिलकेचा आकडा जसजसा वाढतो तसतसा खोताचा वाटाही वाढतो, आणि ज्या क्षणी तो वाटा बरोबर एका गोळीएवढा होतो त्या क्षणापासून जितके येते तितकेच जाते. यालाच शाळेच्या पुस्तकात भूमिती श्रेढी म्हणतात. आणि त्या पुस्तकातले सूत्र, जे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून दुसऱ्या दिवशी दुपारी विसरतात, ते खोतीच्या भाषेत एवढेच म्हणते की खोताचा हिस्सा जितकावा, तितक्या गोळ्या अखेर जमा. निम्मा नेला तर दोन, तिसरा नेला तर तीन, चौथा नेला तर चार. (पोटातली गोळी हळूहळू विरघळते, ती सारीच रक्तात पोचते असेही नाही, त्यामुळे खरा आलेख इतका कोरीव नसतो, पण खोतांची दफ्तरे तरी कुठे कोरीव असत?)

आजोबांची रक्तदाबाची गोळी अ‍ॅम्लोडिपिनची. तिचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातला तिचा ऐवज निम्मा व्हायला लागणारा काळ, ३० ते ५० तासांच्या दरम्यान असते. ४० तास धरले, तर चोवीस तासांत सुमारे तिसरा हिस्सा जातो. म्हणजे प्रकरण शुद्ध तिर्धेलीचे. सबब साडेतीन हजार गोळ्या घेतल्या तरी आजोबांच्या देहात कोणत्याही क्षणी तीन गोळ्यांहून अधिक ऐवज नव्हता, आणि नियमितपणाच्या त्यांच्या कीर्तीवर विश्वास ठेवायचा तर पहिले काही दिवस वगळता दोनाहून फारसा कमीही नव्हता. हा आकडा ऐकून त्यांना हायसे वाटेल अशी माझी अपेक्षा होती. उलट साडेतीन हजारांची आपली इस्टेट एकदम तीनावर आल्याचे पाहून ते खिन्न झाले.

शेजारच्या काकींचा मामला निराळा. त्यांना थायरॉइडची गोळी आहे, १०० मायक्रोग्रॅमची, रोज अनशेपोटी. या थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवस. म्हणजे चोवीस तासांत खोत जेमतेम साडेनऊ टक्के उचलतो, दशमांशाहूनही थोडे कमी. आपल्या नियमाप्रमाणे काकींच्या रक्तात अखेर सुमारे साडेदहा गोळ्यांचा ऐवज साठून असतो. आता चतुर्थीला भटजींचा अभिप्राय वेळेवर आला नाही आणि एक गोळी चुकली, तर साडेदहातली एक गेली. देहाला त्याची वार्ताही लागत नाही. काकींनी यावरून असा निष्कर्ष काढला आहे की गोळीत मुळातच काही दम नाही. उलट, ज्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण वाढवले, त्याच आठवड्यात त्यांनी राजापूरला जाऊन रक्त तपासून घेतले आणि आकडा जागचा हलला नाही म्हणून औषधविक्रेत्यास चार शब्द सुनावले. नवी शिल्लक जमायला पाच अर्धायुष्ये लागतात. पाच वेळा निम्मे केले की उणीव बत्तिसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे शंभरातले सुमारे सत्त्याण्णव जमलेले असतात. सात दिवसांची पाच अर्धायुष्ये म्हणजे पाच आठवडे, म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी या म्हणतात. काकींच्या मते हे त्यांची फी वसूल करण्याचे निमित्त आहे. गणिताच्या मते नाही.

अर्धायुष्य ही संज्ञा आमच्या पंचक्रोशीला अनोळखी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याचा प्रस्ताव आल्यापासून, सरकारी पाहुणे आणि त्यांचे विरोधक या दोन्ही पक्षांनी इतकी व्याख्याने दिली की आमच्याकडे तिकटीवर मासे विकणारी बाईदेखील सीझियम-१३७ चे अर्धायुष्य तीस वर्षे आणि आयोडीन-१३१ चे आठ दिवस हे मुखोद्गत सांगू शकते. प्रकल्पाच्या इष्टानिष्टतेत मी शिरत नाही. लेख विनोदी आहे आणि मला याच गावात राहायचे आहे. नवलाची बाब एवढीच की ज्या ग्रंथीत ते आयोडीन जाऊन बसेल अशी भीती घातली जाते, त्याच ग्रंथीच्या आयोडीनयुक्त गोळीचे अर्धायुष्य सात दिवस आहे, आणि ती मात्र रोज सकाळी बिनदिक्कत गिळली जाते.

श्रेढीचे हे गणित परकीयांनी आणले असे कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त भूमिती श्रेढीचे एक उदाहरण आहे: एका दात्याने याचकांना पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? उत्तर येते २१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर किरकोळ नऊ द्रम्म, नऊ पण, दोन काकिणी, सहा कवड्या. आणि त्या सहा कवड्यांचाही हिशेब आचार्य सोडत नाहीत, यावरून त्यांच्या अंगी खोत होण्याची पात्रता निश्चित होती. दुपटीने वाढणारी ही श्रेढी दात्याला बुडवते. निम्म्याने घटणारी आपली श्रेढी रोग्याला तारते. घटणारी श्रेढी अनंतापर्यंत नेली तरी तिची बेरीज सान्त राहते, हे याच समुद्राच्या काठी खाली केरळात पंधराव्या शतकात जन्मलेल्या नीलकंठ सोमयाजींनी आपल्या आर्यभटीय-भाष्यात पावाच्या श्रेढीवरून दाखवले आहे. आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची हकीकत सांगणारा जो शिलालेख चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे, तो विद्वानांच्या दृष्टीस आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले वैद्य होते. श्रेढीकाराचा पत्ता हुडकून काढणारा माणूस पेशाने डॉक्टर असावा, याहून सुसंगत योगायोग मला ठाऊक नाही. मात्र श्रेढी आणि औषधाचा डोस यांची गाठ घालायची कल्पना त्यांच्याही मनात आली नाही. त्या काळी रक्तातला औषधाचा अंश मोजण्याचे साधनच नव्हते.

ती गाठ घातली स्वीडनमधील एरिक विडमार्क या प्राध्यापकाने. एकामागून एक डोस दिले असता रक्तात किती ऐवज साठतो याची समीकरणे त्याने टँडबर्ग या सहकाऱ्यासह १९२४ साली मांडली. त्याच देशातील टॉर्स्टन टेओरेलने १९३७ मध्ये त्यांना आणखी व्यापक रूप दिले. पण विडमार्कची ख्याती झाली ती दुसऱ्याच विषयाने, आणि तो विषय आमच्या गावी शिमग्यात विशेष अभ्यासला जातो. रक्तातले मद्य कसे उतरते याचा त्याने आयुष्यभर पाठपुरावा केला, आणि त्याला आढळले ते असे की मद्याच्या बाबतीत यकृत अर्धेली सोडून धारेकऱ्यांशी करार करते. आत पावशेर असो की घागरभर, ताशी सुमारे सात ते दहा ग्रॅम मद्य निकालात निघते. ना अधिक, ना उणे. कारण ते काम करणाऱ्या वितंचकांचा सारा फौजफाटा थोड्याशाच मद्याने गुंतून पडतो आणि उरलेले प्यालेभर दाराशी तिष्ठत राहतात.

या एका फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. अर्धेलीत शिलकेला छप्पर असते, धाऱ्यात नसते. धाऱ्याहून जास्त वेगाने आवक ठेवली की थकबाकी सरळ रेषेत चढत जाते, आणि कोणत्या तासाला ती माणसाला पालखीपुढे आडवी करील एवढेच ठरायचे राहते. शिमग्याच्या रात्री माडीचे लोटे रिचवणारा आमचा एक दोस्त, जो एरवी अत्यंत हिशेबी म्हणून प्रसिद्ध आहे, तो मला म्हणाला, "मास्तर, पहिल्या लोट्याला लागते ती लागते, पुढच्याचं काही वाटत नाही." खरे पाहता पुढच्याचाही धारा लागूच असतो, त्याची वसुली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. फेफऱ्यावर देतात त्या फेनिटॉइनचीही हीच तऱ्हा: थोड्या प्रमाणात असताना ते अर्धेलीने वागते, पण एका मर्यादेपुढे धाऱ्यावर जाते, आणि मग गोळीत थोडीशीच वाढ केली तरी रक्तातला आकडा एकदम उसळतो. म्हणून ती गोळी आपल्या मर्जीने अर्धी वाढवणाऱ्यास डॉक्टर जितके रागावतात तितके कमीच.

कोकणापुरते बोलायचे तर निमकीची श्रेढी जिथे प्रत्यक्ष माणसाचा जीव वाचवण्याचे काम करते ती जागा रायगड जिल्ह्यात, महाडला आहे. लाल विंचू हा आमच्या मातीतला अत्यंत अप्रिय रहिवासी. त्याच्या दंशाने हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो आणि हृदय दमून फुफ्फुसांत पाणी साचते. डॉ. हिंमतराव बावसकर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसच्या घरात दगावत. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी यावर योजले, १९८६ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक-नियतकालिकात त्याची हकीकत प्रसिद्ध केली, आणि हळूहळू मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता त्यांच्या उपचाराचे वेळापत्रक पाहा: प्रौढास ५०० मायक्रोग्रॅम, मुलास २५०, दर तीन तासांनी, हातपाय ऊबदार होईपर्यंत. आणि प्राझोसिनचे अर्धायुष्य दोन ते तीन तास! म्हणजे पुढची गोळी पोचते तेव्हा मागची जवळजवळ निम्मी उरलेली असते, आणि ती एक रुपया, दीड रुपया, एक रुपया बारा आणे अशी चढण तिथल्या खाटेवर घड्याळ लावून होत असते.

येथे माझ्यातला गणितज्ञ शहाणपणा करू पाहतो. अखेर शिल्लक दोन गोळ्यांचीच व्हायची असेल, तर एकएक करून चढत बसण्यापेक्षा पहिल्याच खेपेला दोन देऊन का टाकू नयेत? पहिली खेप दोनाची असली, तर पुढे निम्मी उरते ती एक, आणि नवी एक मिळून पुन्हा दोन. पायऱ्या चढण्याचा खटाटोपच नाही. ही युक्ती खरी आहे आणि वैद्यकात रूढही आहे. आमच्याकडे पावसाळ्यात चिखलातून येणाऱ्या लेप्टोवर आणि इतर तापांवर जे डॉक्सिसायक्लिन देतात, त्याचे अर्धायुष्य वीस तासांच्या आसपास असते आणि त्याची नेहमीची रीत पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढे रोज १०० अशी आहे; अगदी निमकीच्या पाढ्याबरहुकूम. (तेच औषध भातलावणीच्या दिवसांत प्रतिबंधक म्हणून आठवड्यातून एकदा देतात तेव्हा मागच्या गोळीचा दोनशेवा-तीनशेवा हिस्सा उरला तर उरला; तिथे श्रेढी मांडण्याइतका ऐवजच नसतो.) पण प्राझोसिनला ही युक्ती लावली, तर पहिल्याच फटक्याला रक्तदाब कोसळून रोगी उठता उठता पडेल. सूत्र शेवटची शिल्लक सांगते. वाटेतल्या वळणांवर माणूस टिकेल की नाही हे सांगण्यासाठी खाटेशेजारी कोणीतरी जागे बसावे लागते.

हीच गोष्ट 'काल राहिली म्हणून आज दोन' या सार्वत्रिक नाटेकरी न्यायाची. निम्म्याच्या औषधात एक गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी शिल्लक आठ आणे असते. नेहमीची एक घेतली तर दीड, मग पावणेदोन, आणि तीन-चार दिवसांत गाडी पूर्वपदावर. भरपाई म्हणून दोन घेतल्या, तर शिल्लक अडीच, म्हणजे जी मर्यादा औषधाने दहा वर्षांत ओलांडली नव्हती ती एका प्रामाणिक सकाळी ओलांडली जाते. कर्जाची फेड ज्या नेकीने करतात त्याच नेकीने आमची माणसे गोळीची फेड करतात, आणि यकृतास या व्याजाची गरज नसते.

आणि खोत म्हातारा झाला तर? हृदयासाठी देतात त्या डिगॉक्सिनचा वसूल मुख्यतः मूत्रपिंडे करतात. ती धडधाकट असताना अर्धायुष्य दीड दिवसाचे, आणि रोजच्या एका गोळीवर शिल्लक पावणेतीन गोळ्यांची. मूत्रपिंडे थकली की तेच अर्धायुष्य चार-पाच दिवसांवर जाते, आणि गोळी तीच, माणूस तोच, पण शिल्लक सहा गोळ्यांच्याही पुढे. वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी देवघरात जपून ठेवणाऱ्यांना हे कोणी सांगावे? त्यांच्या मते माणूस बदलतो, चिठ्ठी बदलत नाही.

आजोबांनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले, आणि मग वकिलाच्या शांततेने एक कच्चा दुवा पकडला. "निम्मं, निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. म्हणजे पुरतं कधीच जात नाही म्हणायचं. मग लहानपणी पोस्टातल्या पुडीतलं कोयनेल मला पाजलं होतं, ते अजून आहे?" श्रेढीच्या दृष्टीने हा दावा अभेद्य होता, परंतु पदार्थविज्ञान येथे माझ्या मदतीस धावले. श्रेढी अनंत असली तरी गोळी अनंत नाही. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत रेणू असतात सुमारे दोनावर एकवीस शून्ये एवढे. हा आकडा प्रचंड असला तरी निम्मे करत गेल्यास एकाहत्तर वेळांत तो एका रेणूवर येतो. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य अडीच तास धरले, तर एकाहत्तर अर्धायुष्ये म्हणजे पावणेदोनशे तासांच्या थोडे पुढे, सव्वासात दिवसांहून थोडे अधिक. कोयनेलचे अर्धायुष्य सुमारे अकरा तासांचे. तेही महिना-सव्वा महिन्यात शेवटच्या रेणूसह बेबाक. बाळपणीच्या कोयनेलाचा एक कणही आजोबांच्या देहात उरलेला असण्याचा संभव नाही, आणि तोंडात जी कडवट चव त्यांना अधूनमधून जाणवते ती अन्य कारणाने असावी.

"म्हणजे," आजोबा सावकाश म्हणाले, "तापाची ती पांढरी गोळी आज घेतली, तर पुढच्या आठवड्यापर्यंत तिचा काही ना काही अंश माझ्या अंगात असतोच?"

"असतो," मी म्हणालो, "पण नगण्य..."

"नगण्य का होईना, आहे ना? मग तो डॉक्टर दिवसातून तीनदा कशाला सांगतो? आठवड्याला एक पुरे झाली!" आणि आत हाक मारून त्यांनी नातवाकडून कागद आणि बॉलपेन मागवले. "हे तू मला सगळं लिहून दे. तो एकाहत्तरचा आकडाही घाल. खाली सही कर, तारीख टाक. मंगळवारी राजापूरला जाणार आहे, डॉक्टरला दाखवतो."